रस्ता खराब, एक स्टार

वहिनींचा फोन यायचा तो रात्री, सगळं आवरून झाल्यावर. त्या दिवशी सकाळी नऊलाच आला.

"भावोजी, आपल्याला कुणीतरी एक दिलाय."

काय एक, ते मला पटकन कळेना. मग लक्षात आलं. गुहागर तालुक्यातल्या आमच्या घरी दादा-वहिनींनी पाहुण्यांसाठी तीन खोल्या काढल्या आहेत. दोन मागच्या पडवीत, तिसरी जुन्या गोठ्याच्या जागेवर. समुद्र चालत दहा मिनिटं. जेवण वहिनी करतात, उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. पाटी नाही, जाहिरात नाही, जो काही पाहुणा येतो तो मोबाइलमधल्या नकाशावरून. त्या नकाशावर आमच्या नावापुढे दहा रिव्ह्यू होते, दहाही पाच स्टारचे. अकरावा आला आणि एक स्टार ठेवून गेला. खाली इंग्रजीत दोन ओळी, त्यांचा अर्थ असा: शेवटचे चार किलोमीटर रस्ता खराब, मोबाइलला रेंज नाही, जेवण ठीक.

दहा पाचे पन्नास, अधिक एक, भागिले अकरा. ५.० चं झालं ४.६. पलीकडच्या गावात आठशे रिव्ह्यूवालं एक रिसॉर्ट आहे, त्याला ४.३ आहेत. त्याला असा एक मिळाला असता तर ४.३ चे ४.३ च राहिले असते.

हे मी वहिनींना समजावून सांगत होतो. त्यांना गणित नको होतं. "रस्ता काय मी केलाय का?" एवढंच त्या विचारत होत्या, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता कबुली देऊन टाकतो. त्या दहांपैकी चार आमचे होते. एक माझा, एक माझ्या बायकोचा, एक पुण्याच्या चुलतभावाचा, एक भाच्याचा. चुलतभाऊ तर खोल्या झाल्यापासून तिकडे फिरकलेलाही नाही. दादानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकली, "सगळ्यांनी पाच द्या रे," आणि आम्ही दिले. माझा रिव्ह्यू मला पाठ आहे: "अप्रतिम जेवण, घरगुती वातावरण. पुन्हा नक्की येऊ." पुन्हा नक्की येऊ! माझ्याच घरी!

मी २९ वर्षं एका सहकारी बँकेत होतो, त्यातली बहुतेक अंतर्गत तपासणीत. असलं व्हाउचर माझ्यासमोर आलं असतं तर लाल शाईनं गोल करून परत पाठवलं असतं. मजकूर खरा आहे, वहिनींच्या हातचं जेवण अप्रतिमच आहे. पण साक्षीदार घरचा आहे, आणि ते त्यानं लपवलंय. तपासणीत आम्ही मजकुराआधी सही बघायचो.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही. निवृत्त माणसाला वेळ असतो, तो मी यात घालवला.

कुणीही यावं आणि बोलावं, ही मोकळीक आपल्याला आता हवेसारखी वाटते. ती तशी मिळालेली नाही. माउथशट नावाची मुंबईची वेबसाइट २००० साली फैझल फारुकी यांनी सुरू केली. बिल्डरपासून मिक्सरपर्यंत कशाबद्दलही लोकांनी तिथं लिहावं, अशी कल्पना. लोक लिहू लागले आणि कंपन्यांच्या नोटिसा येऊ लागल्या. २०११ च्या आयटी नियमांनुसार कुणी तक्रार केली की वेबसाइटनं ३६ तासांत त्यावर हालचाल करायची. आता चूक कोण, बरोबर कोण, हे ३६ तासांत एखादी लहान कंपनी कसं ठरवणार? काढून टाकणं सोपं. म्हणजे वाईट रिव्ह्यू पुसायला एक वकील पुरे. २०१३ मध्ये माउथशट सर्वोच्च न्यायालयात गेली. तिची याचिका ज्या गठ्ठ्यात ऐकली गेली, त्यातलं मुख्य प्रकरण आपल्या पालघरवरून सुरू झालेलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या गठ्ठ्याचा, म्हणजे श्रेया सिंघल खटल्याचा, निकाल २४ मार्च २०१५ ला लागला. ऑनलाइन लिहिल्याबद्दल अटक करू देणारं आयटी कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच निकालात वेबसाइटच्या जबाबदारीबद्दलच्या कलम ७९ चा अर्थही लावून दिला: मजकूर काढायचा तर कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हवा, नुसती कुणाची तक्रार पुरेशी नाही. वहिनींना एक स्टार देणाऱ्या त्या पाहुण्याच्या पाठीशी हा निकाल उभा आहे. हे मी त्यांना सांगितलं नाही. सकाळी नऊ वाजता असलं सांगू नये.

मोकळं दार ठेवलं की कोण कोण आत येतं, याची मला सर्वांत आवडणारी गोष्ट स्नॅपडीलची. नोव्हेंबर २०१५ मध्ये आमिर खान असहिष्णुतेबद्दल काही बोलला. तो स्नॅपडील या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीची जाहिरात करत होता, म्हणून लोकांनी स्नॅपडीलच्या ॲपला एक-एक स्टार दिले. दीड वर्षानं, एप्रिल २०१७ मध्ये, स्नॅपचॅट या अमेरिकन कंपनीच्या प्रमुखानं भारताला गरीब म्हटल्याचा आरोप तिथल्या एका माजी कर्मचाऱ्यानं केला. कंपनीनं तो नाकारला, पण आपल्याकडे राग आलाच. लोकांनी स्नॅपचॅटला एक स्टार दिले. आणि ज्यांनी नाव नीट वाचलं नाही त्यांनी पुन्हा स्नॅपडीलला दिले. पहिल्या वेळी निदान संबंध तरी होता. दुसऱ्या वेळी फक्त 'स्नॅप' सारखा. वस्तू कशी आली, वेळेवर आली का, यातलं काही त्या हजारो स्टारांमध्ये नव्हतं. ॲपच्या पानावर मात्र तो आकडा मालाचाच आकडा म्हणून दिसत होता.

मे २०२० मध्ये टिकटॉकचंही असंच झालं. यूट्यूबवाल्यांच्या चाहत्यांनी ते चारच्या वरून दोनच्या खाली आणलं, गूगलनं लाखो रिव्ह्यू काढून टाकले, ते पुन्हा वर गेलं. महिनाभरानं सरकारनं ॲपच बंद केलं, तो भाग वेगळा.

हा राग झाला. थंड डोक्यानं केलेला प्रकार लंडनचा. ऊबा बटलर नावाच्या तरुणानं पूर्वी दहा-दहा पौंड घेऊन हॉटेलांसाठी ट्रिपॲडव्हायझर या प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर खोटे रिव्ह्यू लिहिले होते. २०१७ मध्ये त्यानं आपल्या राहत्या जागेचंच, म्हणजे डलिचमधल्या एका बागेतल्या शेडचं, रेस्टॉरंट म्हणून नाव नोंदवलं. पदार्थांचे फोटो काढले, त्यात फेस होता दाढीच्या साबणाचा. मित्रांना वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून रिव्ह्यू लिहायला लावले. फोन करणाऱ्यांना सांगायचं, जागा नाही, पुढचे काही आठवडे बुकिंग भरलंय. यादीत अठरा हजारांच्या तळाशी असलेली शेड सहा महिन्यांत लंडनची पहिल्या क्रमांकाची झाली, एकाही गिऱ्हाइकाला एक घास न वाढता.

ही गोष्ट वाचली तेव्हा मी हसलो, आणि मग 'पुन्हा नक्की येऊ' आठवून हसायचा थांबलो. बटलरचे मित्र आणि आमचा व्हॉट्सॲप ग्रुप यांच्यात फरक एवढाच की आमच्याकडे जेवण खरं आहे.

मग उपाय काय? बँकेतल्या माणसाला पहिला सुचतो तो कागद. केवायसी. आधी सिद्ध करा तुम्ही कोण, मग बोला. रॉटन टोमॅटोज या सिनेमांच्या वेबसाइटनं २०१९ मध्ये तेच केलं. सिनेमा लागण्याआधीच लोक त्याच्यावर तुटून पडायला लागले होते, म्हणून आधी प्रदर्शनापूर्वीचे प्रेक्षकांचे शेरे बंद केले, मग तिकीट काढल्याचा पुरावा असलेल्यांचा आकडा वेगळा दाखवायला सुरुवात केली. खरेदीच्या वेबसाइटवर 'खरेदी केल्याची खात्री' असा शिक्का असतो, तो त्याच जातीचा. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानकच काढलं. लिहिणाऱ्याची ईमेल किंवा फोनवरून खात्री करा, चांगले तेवढे ठेवून वाईट गाळू नका, अशा धर्तीच्या गोष्टी त्यात आहेत. काढलं तेव्हा ते पाळणं ऐच्छिक होतं.

मला या उपायाबद्दल आदर आहे आणि संशयही आहे. संशय माझ्या नोकरीतला. कागदपत्रं पूर्ण करून बुडवणारे कर्जदार मी खूप पाहिले. सगळ्यात नीटनेटकी फाइल बहुतेक वेळा त्यांचीच असायची. त्यांना कागद जमवायची सवय असते. आणि जामीनदार मिळत नाही म्हणून काउंटरवरून परत गेलेले लोकही पाहिले, ज्यांनी एक हप्ता चुकवला नसता. कागदाची अट घातली की खोटं बोलणाऱ्याचा खर्च वाढतो, हे खरं. पण तो धंदा म्हणून बोलत असतो, त्यामुळे वाढलेला खर्च तो हिशेबात धरतो. ज्याला वर्षातून एकदाच काही सांगायचं असतं, त्याला तेवढाही खर्च परवडत नाही. तो गप्प बसतो.

वहिनींच्याकडे याचं उदाहरण रोज रात्री जेवायला येतं. गावात वस्तीची एसटी आहे. रात्री पावणेनऊला येते, पहाटे साडेपाचला निघते. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघं देवळाच्या ओवरीत झोपतात आणि जेवतात वहिनींच्याकडे, रोख पैसे देऊन. वर्षातले सव्वाशे-दीडशे दिवस ते हे जेवण जेवतात. वहिनींच्या आमटीबद्दल महाराष्ट्रात त्यांच्याइतकं कुणाला कळत नसेल. त्यांचं बुकिंग नाही, बिल नाही, ऑनलाइन पेमेंट नाही. 'खात्री झालेला ग्राहक' या व्याख्येत ते कुठंच बसत नाहीत. एका रात्रीसाठी येऊन रस्त्याबद्दल तक्रार करणारा मात्र पक्का बसतो.

पूर्वी आपण ठरवायचो ते असंच, नाही का? एसटीचे ड्रायव्हर जेवतात तिथं जेवावं. चिपळूणच्या आमच्या एका आत्याबाईंना कुणाच्याही घरचं मीठ कमीच लागायचं. त्यांनी 'बरं होतं' म्हटलं की ते जेवण उत्तम असणार, हे सगळ्या नात्यात माहीत होतं. सांगणारा कोण, यावरून आपण सांगितलेल्याची किंमत करायचो. स्टारांच्या सरासरीत आत्याबाई आणि चुलतभाऊ एकाच भावानं जातात.

म्हणून मला दुसरा मार्ग जास्त पटतो: दार उघडं ठेवा, पण वजनमाप हट्टी ठेवा. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटनं आपल्या सर्वोत्तम २५० सिनेमांच्या यादीसाठी यातलं एक सूत्र वापरलं आणि ते जाहीरही केलं होतं. सोप्या भाषेत, कमी मतं असलेल्या सिनेमाचा आकडा सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढून धरायचा, आणि मतं वाढतील तसा तो दोर सैल सोडायचा. चार मित्रांनी दहापैकी दहा दिले म्हणून कुणी यादीत शिरत नाही.

हे मी वहिनींच्या खोल्यांना लावून पाहिलं, कागद-पेन्सिल घेऊन. समजा प्रत्येक नव्या जागेच्या खात्यात सुरुवातीलाच वीस जणांचे चार-चार स्टार जमा धरले. मग आमच्या दहा पाचांनंतर आकडा ५.० झालाच नसता, ४.३ झाला असता. घरच्या चौघांची मेहनत बरीचशी वाया. आणि तो एक स्टार आल्यावर तो पडला असता ४.२ वर. ५.० वरून ४.६ असा कडेलोट नाही, एक पायरी. सकाळी नऊचा फोन आलाच नसता.

पण तपासनिसानं स्वतःची बेरीजही तपासावी. याच पद्धतीत वहिनींना ४.६ पर्यंत जायला तीस पाहुण्यांनी एकही न चुकता पाच द्यायला हवेत. तीन खोल्या, पावसाळ्यात बंद, आणि दहातला एखादाच पाहुणा लिहितो. किती वर्षं लागतील मोजा. तोवर यादीत वर राहणार तो जुना, मोठा, आठशेवाला. म्हणजे हट्टी वजनमाप खोट्याला जसं रोखतं तसं नव्यालाही रोखतं, कारण आकड्यांच्या दृष्टीनं खोटा आणि नवा सुरुवातीला सारखेच दिसतात. तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकेल लुका यांनी सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांचा अभ्यास केला होता. येल्प या रिव्ह्यूंच्या वेबसाइटवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना दिसलं. आणि हा परिणाम स्वतंत्र, एकट्या रेस्टॉरंटांवरच होता. साखळीवाल्यांना फरक पडत नव्हता, त्यांचं नाव आधीच माहीत. ज्याला नाव नाही त्यालाच स्टार लागतो, आणि त्यालाच तो सगळ्यात उशिरा मिळतो. यावर माझ्याकडे तोड नाही. तरीही दोन्हीतून एक निवडायचं तर मी हेच निवडेन. इथं निदान कुणाचं तोंड बंद होत नाही.

तिसरा मार्गही आहे, तो गुपचूप चालतो: यंत्राला संशय आला की रिव्ह्यू गायब. आमच्याबाबतीत ते गणपतीनंतर झालं. एका सकाळी अकराचे आठ रिव्ह्यू झाले. गेले ते तिघे कोण? मी, माझी बायको, आणि सांगलीचे एक शिक्षक. आम्ही दोघं गेलो ते रास्त झालं, माझी तक्रार नाही. पण ते शिक्षक खरे होते. तीन दिवस राहिले होते, मोदकांवर त्यांनी मोठा परिच्छेद लिहिला होता, जाताना वहिनींकडून कोकमं घेऊन गेले होते. आणि टिकला कोण? पुण्याचा चुलतभाऊ. कधीही न आलेला. कारण कुणी सांगितलं नाही, विचारायचं कुठं ते कळलं नाही. मला निम्मं समजतं. आम्हीही अचानक तपासणीची तारीख आधी सांगत नसू, काय बघणार तेही सांगत नसू. चाळणीची भोकं किती मोठी ते चोराला कळलं तर चाळणी निकामी. पण आमच्या अहवालाची एक प्रत शाखेला मिळायची, आणि शाखाधिकाऱ्याला उत्तर द्यायला मुदत असायची. गुप्त तपासणी चालेल, पण निकालाची प्रत तरी द्या, एवढंच माझं म्हणणं.

सात पाचे पस्तीस, अधिक एक, भागिले आठ. ४.५.

दिवाळीनंतर मी आठवडाभर गावी होतो. एका रात्री वस्तीची गाडी आली, दोघं जेवायला बसले. कंडक्टर तरुण, लातूरकडचा. मी त्याला विचारलं, आमच्या जेवणाबद्दल कधी लिहिलं का नाही मोबाइलवर? तो म्हणाला, "आमचं कोण वाचतंय, काका." जेवण झाल्यावर दादाच्या वायफायवर त्याला पान उघडून दिलं. काय लिहायचं ते सांगितलं नाही, लांब जाऊन बसलो. तो बराच वेळ टाइप करत होता.

तो झोपायला गेल्यावर वहिनींनी वाचलं. मराठीत होतं. "दोन वर्षं जेवतोय. गाडीला उशीर झाला तरी जेवण गरम मिळतं. आमटी चांगली. कोळंबी असली की सांगतात. भाकरी तांदळाची असते, आम्हाला ज्वारीची सवय." आणि चार स्टार.

"चारच?" वहिनी म्हणाल्या.

छत्तीस आणि चार चाळीस, भागिले नऊ. ४.४. एका खऱ्या गिऱ्हाइकानं मनापासून चांगलं लिहिलं आणि आकडा खाली आला. चार म्हणजे नाराजी, असा स्टारांच्या बाजारातला भाव आहे, आणि तो त्या मुलाला कुणी सांगितलेला नव्हता. दादा मला म्हणाला, "तुला कुणी सांगितलं होतं नसतं उद्योग करायला?" वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यांनी मोबाइल पुन्हा हातात घेऊन ते एकदा वाचलं, मग आणखी एकदा.

शनिवारी दादा शृंगारतळीच्या बाजारात गेला, तेव्हा त्याच्या यादीत पाच किलो ज्वारी होती. वहिनींना ज्वारीच्या भाकरीची सवय नाही. पहिल्या दोन तव्यावरच फाटल्या.